पार्किंगचा मजला

२ डिसेंबर

कर्वेनगरमधली १९८९ची सोसायटी. खाली पार्किंग, वर चार मजले. रंग ताजा, गच्चीचं वॉटरप्रूफिंगही चोख. सेक्रेटरींनी स्ट्रक्चरल ऑडिटची फाइल पुढे सरकवली. "साहेब, हे सगळं झालंय की! परत कशाला?" ऑडिट झालंय हे खरं. उपविधींप्रमाणे इमारत पंधरा ते तीस वर्षांची असेपर्यंत पाच वर्षांतून एकदा आणि पुढे तीन वर्षांतून एकदा ते करायचंच असतं. पण फाइलभर गळती, तडे, गंजलेल्या सळ्या. इमारत आपला भार पेलते का, एवढंच पाहिलंय. जमीन आडवी हलली तर काय, हे कोणी विचारलेलंच नाही.

५ डिसेंबर

नुसत्या डोळ्यांनी पाहणी. पद्धत सोपी : इमारतीच्या प्रकाराला मूळ गुण, आणि दिसेल त्या दोषागणिक वजाबाकी. वर प्रत्येक मजल्यावर विटांच्या भिंती, खाली नुसते कॉलम. म्हणजे धक्क्यात वरचे चार मजले ठोकळ्यासारखे एकत्र हलणार आणि सगळा ताण पार्किंगच्या कॉलमांवर. ते कॉलमही नऊ इंची, कारण हॉलमध्ये भिंतीबाहेर आलेला कॉलम गिऱ्हाइकाला खपत नाही. बरेचसे एकाच दिशेला लांब, दुसऱ्या दिशेला कोण तोलणार? जिन्याच्या लँडिंगमुळे दोन कॉलम मध्येच अडकून आखूड झालेत, ते आधी फुटतात. गुण भराभर उतरले. मदतनीस मुलगा म्हणाला, "सर, दिसते तर किती छान!"

८ डिसेंबर

रिबाउंड हॅमरचे आकडे चांगले आले, पण त्यांच्यावर विसंबण्यात अर्थ नाही. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने जुनं काँक्रीट वरून कडक होतं आणि हॅमर फसतो. म्हणून एका कॉलमचा कोपरा फोडून फिनॉल्फ्थॅलीन फवारलं. आतलं काँक्रीट गर्द गुलाबी झालं, बाहेरचा बोटभर थर तसाच राखाडी राहिला. तिथली अल्कली संपली. हा थर सळीपर्यंत पोचला की तिचं गंजापासूनचं संरक्षणही जातं. अजून पोचलेला नाही, हे नशीब.

मग बीमखालचं कॉलमचं प्लास्टर काढलं. रिंगा आठ-आठ इंचांवर, आणि टोकं काटकोनात वाकवलेली. धक्क्यात बाहेरचं काँक्रीट सुटलं की असे आकडे उघडतात आणि उभ्या सळ्या बाहेर फुगतात. आयएस १३९२० हे मानक १९९३चं. त्यात आकडा १३५ अंशांत आत वळवायचा आणि कॉलमच्या टोकांशी रिंगा चार इंचांच्या आत हव्यात. इमारत त्याआधीची. फिटरने त्या काळच्या रिवाजाप्रमाणेच केलंय.

११ डिसेंबर

आजच्याच तारखेला, १९६७ साली, पहाटे कोयनेला भूकंप झाला. पुण्यातही जाणवला होता. चेअरमनकाका तेव्हा शाळकरी होते, "भांडी खणखणली" एवढंच त्यांना आठवतं. त्यावरून त्यांचा निष्कर्ष : पुण्याला काही होत नाही.

मी त्यांना अहमदाबादचं सांगितलं. २६ जानेवारी २००१चा भूजचा भूकंप. केंद्र दोनशे किलोमीटरच्याही पलीकडे, तरी अहमदाबादेत पार्किंगवर उभ्या असलेल्या कितीतरी चार-पाच मजली इमारती बसल्या. भूकंपक्षेत्रांच्या तेव्हाच्या नकाशात अहमदाबाद तिसऱ्या क्षेत्रात, पुणेही तिसऱ्याच. फरक आहे : तिथे साबरमतीचा खोल गाळ, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी थोडं खणलं की काळा दगड. हा फायदा मोठा आहे, मी तो कमी लेखत नाही. पण नकाशावर डोळे मिटून भरवसाही नको. १९९३ साली भूकंप झाला तेव्हा किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होतं.

काका ऐकून घेऊन म्हणाले, "मग पेठेतला आमचा वाडाच बरा होता!" लाकडी चौकट वाळवीपासून जपली असती तर त्यांच्या म्हणण्यात थोडं तथ्य होतं.

१४ डिसेंबर

कमिटीची बैठक. पहिला सूर अपेक्षितच : "रीडेव्हलपमेंट होणारच आहे ना?" होईल तेव्हा होईल, बिल्डरशी बोलणी अजून एफएसआयवरच अडलीत.

कॉलमांना जॅकेट घालायचं तर प्रत्येक बाजूने किमान चार इंच काँक्रीट. म्हणजे नऊ इंचांचा कॉलम सतराचा होणार आणि गाडीचं दार उघडायला जागा उरणार नाही. त्यापेक्षा दोन्ही दिशांना मिळून चार गाळ्यांत पायापासून काँक्रीटच्या भिंती घालाव्यात, बाकी मोजकेच कॉलम जाड करावेत, असं मी सुचवलं. खर्चावर फारसं कोणी बोललं नाही. चार गाळे कोणाचे, यावर तासभर गेला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी अलॉटमेंट लेटरच आणलं होतं.

ठरलं ते असं : सेक्रेटरी त्या गाळ्यांच्या मालकांची यादी काढणार, आणि एक भिंत जिन्याकडे सरकते का, हे मी पुन्हा हिशेब करून पाहणार.