समिटचा पत्ता

राहुरी,
१२ डिसेंबर

प्रिय सुनंदा,

महिपतींच्या इंग्रजी भाषांतराचा तुझा तिसरा अध्याय पोचला. वाचला, समासात पेन्सिलीने खरडलंही. पण ‘भीड’ या शब्दाशेजारी तू जी तीन प्रश्नचिन्हं काढली आहेस, त्यांचं उत्तर फोनवर देता येईना. म्हणून हा कागद.

रविवारी ताहाराबादला जाऊन आले. आपल्याच तालुक्यातलं गाव, तरी जाणं होत नाही. रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर, दोन्हीकडे कांद्याची लागण. महिपती या गावचे कुलकर्णी. पूजेला बसले असताना जहागीरदाराचा शिपाई बोलवायला आला, काम उरकून ते परतले आणि कानावरची लेखणी विठ्ठलापुढे ठेवून दप्तराचं काम कायमचं सोडलं, असं सांगतात. मग ती लेखणी संतांच्या कामी आली. १७६२ चा ‘भक्तविजय’, सत्तावन्न अध्याय. गंमत अशी की ज्या संतांविषयी लिहिलं त्यांतल्या बहुतेकांना त्यांनी पाहिलेलंही नाही. आधार घेतला तो उत्तरेतल्या नाभाजींचा आणि माणदेशातल्या उद्धवचिद्‌घनांचा, आणि तसं त्यांनी स्वतःच सांगून टाकलं आहे. म्हणजे दुरून आलेल्या मजकुरावर विसंबून काम करणाऱ्या आपण दोघी काही पहिल्या नाही.

देवळाजवळच्या एका आजींनी चहा पुढे केला. मला साखर बंद. तरी प्याले. त्यांनी पुन्हा ओतला, तोही प्याले. त्या कोण, मी कोण! ही भीड. भीती नव्हे, आदर नव्हे, लाजही पुरती नव्हे. महिपतींचा विठ्ठल असाच आहे. त्याच्यावर कुणाची सक्ती नाही, पण भक्ताला ‘नाही’ म्हणायला त्याची जीभ रेटत नाही. तुझ्या इंग्रजीत देव भक्ताचा मान राखतो. मान राखणारा देव मला जरा जास्तच सभ्य वाटला, लग्नातल्या वरपित्यासारखा.

तू जिथे बसून अडलीस ती जागासुद्धा मजेची. तुझ्या न्यू जर्सीतल्या एडिसनपासून समिट किती लांब गं? तिथे निवृत्तीनंतर जस्टिन अ‍ॅबट राहत होते. वडील अमोस अ‍ॅबट १८३४ साली नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये आलेले, मुलानेही पुढे याच मिशनचं काम केलं. १८५३ चा जन्म, म्हणजे सत्तरी उलटल्यावर या गृहस्थांनी महाराष्ट्रातल्या संतकवींची इंग्रजी पुस्तकमाला काढायला घेतली. १९२६ ला भानुदास, पुढच्या वर्षी एकनाथ, १९२९ ला बहिणाबाई, १९३० ला तुकाराम. यातले भानुदास, एकनाथ, तुकाराम आणि नंतरचे रामदासही महिपतींवरूनच. टेबल समिटला, छापखाना पुण्यात. मधे दोन समुद्र आणि बोटीची टपाल. एका अनुस्वारासाठी काही आठवडे थांबायचं, आणि इथे मी तुझा निरोप दुपारपर्यंत आला नाही तर चिडते!

त्यांचं इंग्रजी कोरडं आहे, हे तुझं म्हणणं खरं. पण मला तो कोरडेपणाच आवडतो. मिशनरी माणूस, तरी चमत्कार आला की खाकरत नाही, गाळत नाही, तळटीपेत टोमणा मारत नाही. विठ्ठलाने जे केलं ते केलं, असं सरळ लिहितो. असं लिहायला मराठी कानात मुरलेली लागते आणि शेजारी एक मराठी माणूसही लागतो. तो माणूस म्हणजे पंडित नरहर गोडबोले. ‘भक्तविजया’च्या दोन भागांवर अ‍ॅबट यांच्याबरोबर त्यांचं नाव आहे. अ‍ॅबट १९३२ ला गेले, ते भाग १९३३ आणि ३४ ला निघाले. महिपतींच्याच ‘भक्तलीलामृता’चं पुस्तक १९३५ ला, त्यात एडवर्ड्‌स नावाच्या तिसऱ्या माणसाचाही हात. काम थांबलं नाही, याचं श्रेय मी अ‍ॅबटना देत नाही, मागे राहिलेल्यांना देते. लोक मात्र पुस्तकाला ‘अ‍ॅबटचं’ म्हणतात. आपल्या पुस्तकावर कुणाचं नाव आधी, हे तू अजून ठरवलेलं नाहीस, हे जाता जाता.

अ‍ॅबटविषयी आणखी एक. फादर स्टीफन्सचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ ला छापलं ते रोमी लिपीत. त्याची देवनागरी पोथी लंडनच्या मार्सडेन संग्रहात होती, तिच्यावर १९२३ साली लेख लिहिला तो याच अ‍ॅबटनी. छापील प्रतीत जिथे पोर्तुगीज शब्द, तिथे पोथीत संस्कृत वळणाचे. तीच मूळ संहिता असं ते म्हणाले. सगळ्यांना ते पटलेलं नाही, मलाही पुरतं नाही. पण अटलांटिकच्या एका काठाला बसून दुसऱ्या काठावरची मराठी पोथी वाचणारा हा म्हातारा मला फार जवळचा वाटतो.

असो. ‘भीड’चं भाषांतर करू नकोस. शब्द तसाच ठेव आणि पहिल्यांदा येतो तिथे प्रसंगच असा उभा कर की वाचणाऱ्याला तो चहा नाकारता येऊ नये. चौथ्या अध्यायात हा शब्द मी आणखी दोनदा पाहिला आहे.

तुझी,
शैला

ता. क. अ‍ॅबट यांच्या पुस्तकांवर होबार्ट अव्हेन्यू, समिट असा पत्ता आहे. कधी त्या बाजूला गेलीस तर गाडी हळू ने आणि झाडं कसली आहेत तेवढं कळव.