आठव्या घरातला मंगळ

माझ्या पत्रिकेत मंगळ आठव्या घरात आहे. लग्नाच्या बाजारात याचा अर्थ काय होतो, हे मराठी वाचकाला सांगायला नको. पहिलं, चौथं, सातवं, आठवं, बारावं, या पाचांपैकी कुठल्याही घरात मंगळ बसला की मुलगी मंगळाची. बारा घरांतली पाच, म्हणजे शंभरांतल्या चाळीसेक मुलींना मंगळ निघणारच. हे गणित मी आजोबांपुढे मांडलं तेव्हा ते हसले. "गणित बरोबर आहे. पण तुला ते स्वतःची पत्रिका झाल्यावर सुचलं, आधी नाही."

आजोबा रोह्यात हौसेने पत्रिका करत. पैसे घेत नसत, भीती घालत नसत. बोहोऱ्याच्या दुकानातल्या वहीसारखी लांबट वही आणि एक पंचांग, एवढंच त्यांचं सामान. एका संध्याकाळी मी त्यांना विचारलं, माझ्या वाटेत आडवा आलेला हा मंगळ एकदा दाखवा तरी. त्यांनी पंचांग उघडून आज तो कुठल्या राशीत आहे ते सांगितलं. खिडकीकडे मात्र मान वळवली नाही. आयुष्यभर ग्रहांची वही लिहिणाऱ्या माणसाला ग्रह बघायची गरज वाटू नये, हे मला त्या वेळी फार खटकलं. शाळेतली गतही तीच होती. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे आम्ही पाठ केलं, पण ते कुणी, कशावरून ठरवलं, हे सांगायला गुरुजींकडे वेळ नव्हता. घरातलं आकाश आणि शाळेतलं आकाश वेगळं होतं. दोन्ही ऐकीव, एवढंच त्यांच्यात सारखं.

मग चिपळूणहून आलेल्या एका पाहुण्यांनी माझी पत्रिका त्यांच्या पंचांगाने मांडली आणि मंगळ आठव्या घरातून नवव्यात गेला. दोष संपला. त्यांचं टिळक पंचांग होतं. आमच्याकडचं, आज महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत असतं तसं, चित्रापक्षाचं. राशिचक्राची सुरुवात आकाशात नेमकी कुठून मोजायची यावर हा वाद आहे. एक पक्ष चित्रा तारेच्या बरोबर समोरचा बिंदू धरतो, दुसरा रेवतीच्या योगतारेपासून मोजतो. दोन्हींत सुमारे चार अंशांचं अंतर पडतं. म्हणून टिळक पंचांग पाळणाऱ्यांची मकरसंक्रांत १० जानेवारीला येते आणि इतरांची १४-१५ला, आणि एखाद्या वर्षी अधिक महिनाही वेगळा पडतो. माझा मंगळ राशीच्या शेवटच्या दोन अंशांत होता, त्यात चार अंश मिळवले की तो पुढच्या राशीत, पुढच्या घरात. आकाशातला मंगळ अर्थातच जागचा हलला नव्हता.

आजोबांना राग आला नाही. ते एवढंच म्हणाले, "हे भांडण आपल्या जिल्ह्यातलंच आहे. नांदगावला जाऊन ये."

काशीदच्या किनाऱ्यावर गाड्यांची रांग लागते. ती ओलांडून मुरुडकडे निघालं की अलीकडे नांदगाव लागतं. या गावच्या केशव दैवज्ञांनी १४९६मध्ये 'ग्रहकौतुक' लिहिलं. जुन्या सिद्धांतांवरून काढलेले ग्रह आणि डोळ्यांना दिसणारे ग्रह जुळत नाहीत, तेव्हा वेध घ्या आणि पुढच्या गणकांनीही वेळोवेळी दुरुस्ती करत राहा, असं त्यांचं सांगणं. त्यांचा मुलगा गणेश दैवज्ञ. त्याचा 'ग्रहलाघव' हा ग्रंथ शके १४४२चा, म्हणजे १५२०चा. ज्या-चापांच्या किचकट हिशेबाशिवाय ग्रह काढून देणारा हा ग्रंथ पुढे कित्येक पिढ्या पंचांगकर्त्यांच्या हाताखाली राहिला.

मला त्यातली एक गोष्ट विलक्षण वाटते. गणेशाने कुठल्याही एका सिद्धांताशी इमान राखलं नाही. सूर्य सूर्यसिद्धांताचा घेतला, चंद्रही त्याचाच, पण नऊ कला कमी करून. गुरू, मंगळ आर्यपक्ष या दुसऱ्या परंपरेचे. शनीही आर्यपक्षाचा, पण त्यात पाच अंश मिळवून. ज्या काळात सिद्धांत देवाच्या किंवा ऋषीच्या नावावर होते, त्या काळात समुद्रकाठच्या एका खेड्यातला माणूस म्हणतो, शनी तिथे नाही, पाच अंश पुढे आहे. शनी वर्षाला सुमारे बारा अंश चालतो. म्हणजे गणेशाच्या एका दुरुस्तीने साऱ्यांची साडेसाती पाचेक महिने अलीकडे आली असणार! कुणी तक्रार केल्याचं वाचलेलं नाही. पुढे अलिबागजवळच्या नागावला जन्मलेल्या केरो लक्ष्मण छत्र्यांनी १८६०मध्ये युरोपीय वेधांच्या आधारे 'ग्रहसाधनाची कोष्टके' काढली. त्यांवरून पटवर्धनी पंचांग निघालं, आणि टिळक पंचांग त्याच वळणावरचं. माझा मंगळ नवव्या घरात नेणारी वाटही आमच्याच जिल्ह्यातून गेली होती.

आकाश मी नीट पाहिलं ते मात्र फार उशिरा, तेही वादळाने दाखवलं म्हणून. एरवी धाटावच्या कारखान्यांच्या दिव्यांनी रोह्याची रात्र पिवळट असते. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं, पत्रे उडाले, खांब आडवे झाले आणि पुढे कितीतरी दिवस वीज नव्हती. पावसाळी ढग मध्येच फाटत. अशाच एका फटीतून पूर्वेकडे गुरू आणि शनी शेजारी शेजारी दिसले. त्यानंतर मी गच्ची सोडली नाही. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात मंगळ लालभडक झाला होता आणि वक्री होता. रोज त्याच वेळी, शेजारच्या ताऱ्यांवरून त्याची जागा कागदावर टिपत गेले. तो खरंच उलटा चालला, नोव्हेंबरच्या मध्यावर थबकला आणि पुन्हा सुलट निघाला. पत्रिकेतला वक्रीचा 'व' मी डोळ्यांनी पाहिला. २१ डिसेंबरला पेणच्या खारबांधावरून गुरू-शनीची युती पाहिली. दोघांत एका अंशाचा दहावा हिस्सा अंतर, नुसत्या डोळ्यांना जवळजवळ एकच तारा.

बांधावर सोबत मावसभाऊ होता. मावशीकडे गणपतीचा कारखाना. पेणमध्ये पंचांग हा धंद्याचा कागद आहे. २०२२मध्ये चतुर्थी ३१ ऑगस्टला होती, २०२३मध्ये अधिक श्रावणामुळे १९ सप्टेंबरला गेली. असे वाढीव दिवस मिळाले की कारखान्यात रंगाचा हात निवांत चालतो. खाडीकडेही तिथीशिवाय चालत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, चतुर्थीला तीनच्या सुमारास. आत खाडीत पाणी चढायला आणखी थोडा वेळ लागतो. उधाण कधी, भांग कधी, हे इथल्या आगरी घरांत पोरांनाही सांगावं लागत नाही. तर असा हा चंद्रावर जगणारा मावसभाऊ मोबाइलवर चपट्या पृथ्वीचे व्हिडिओ बघून मला म्हणाला, "ताई, धरमतरच्या खाडीकडे बघ. कुठे वाकलंय पाणी? तूच म्हणतेस ना, स्वतः बघितल्याशिवाय मानायचं नाही?"

त्याला गप्प करणं सोपं होतं, आणि तेच मला करायचं नव्हतं. आम्ही मोजायचं ठरवलं.

पेण रोह्याच्या जवळजवळ सरळ उत्तरेला, हवाई अंतर तीस-बत्तीस किलोमीटर. मेच्या मध्यावर सूर्य आमच्या थेट डोक्यावरून जातो आणि सावली पायाखाली शिरते. रोह्यात १३ मेला, पेणमध्ये त्याच्या दुसऱ्या दिवशी. १३ तारखेला दुपारी साडेबाराच्या पुढे चार मिनिटांनी रोह्याच्या गच्चीवर ओळंब्याने उभ्या केलेल्या दोन मीटरच्या पाइपाला सावली उरली नाही. फोनवर मावसभाऊ. कारखान्याच्या अंगणात तसाच पाइप धरून तो म्हणाला, आहे, बोटभर आहे. सेंटिमीटरभर असेल, कडा फिसकटलेली.

दोन मीटरला एक सेंटिमीटर म्हणजे दोनशेला एक. बत्तीसला दोनशेने गुणलं की ६,४०० किलोमीटर. पृथ्वीची त्रिज्या! मी आनंदाने ओरडले. मावसभाऊ शांतपणे म्हणाला, "किंवा जमीन सपाट आणि सूर्य ६,४०० किलोमीटर उंचावर."

आणि तो बरोबर होता. दोन काठ्यांवरून हा निकाल लागतच नाही. लांबचा सूर्य आणि वाकलेली जमीन, किंवा जवळचा सूर्य आणि सपाट जमीन, दोन्हींनी तीच सावली पडते. शाळेच्या पुस्तकात सावलीवरून पृथ्वी मोजणाऱ्या एरॅटोस्थेनिसची गोष्ट सांगताना हे कधीच सांगत नाहीत. त्याने जमीन गोल आहे हे आधीच धरलं होतं, काढला तो फक्त घेर.

तिसरी काठी दूर कुठेतरी हवी होती. लंडनला भाचा आहे. विषुवदिनी, मार्चच्या २० तारखेच्या सुमारास, त्याने मीटरभर काठीची दुपारची सर्वांत आखूड सावली मोजली, सव्वा मीटर. रोह्यात त्या दिवशी ३३ सेंटिमीटर. उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ३,७०० किलोमीटर. सपाट जमिनीच्या हिशेबाने आता सूर्य येतो चार हजार किलोमीटर उंचीवर. पेणच्या काठीने सांगितला होता ६,४००वर. गोल जमिनीच्या हिशेबाने मात्र दोन्हीकडून त्रिज्या तीच येते. मावसभावाने बराच वेळ कागद पाहिला. मग म्हणाला, लंडनचं अंतर तू नकाशातून घेतलंस. खरं आहे. ते काही मी चालून मोजलं नव्हतं. पण पेणचं अंतर त्याने मोटारसायकलवरून स्वतः तपासलं होतं, आणि सपाट जमिनीवर एकच सूर्य दोन उंचींवर कसा असेल याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. व्हिडिओ तो अजून बघतो, पण मला पाठवत नाही.

एवढं झालं तरी माझ्या मूळ प्रश्नाला हात लागला नव्हता. मंगळ कुठे आहे हे कळलं, पण तो तिथून माझं काय म्हणून ठरवतो?

या प्रश्नाची सोबत मला कॉलेजात असताना मिळाली होती. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर नाग हम्मादीच्या ग्रंथांचं इंग्रजी भाषांतर हाती लागलं. १९४५मध्ये वरच्या इजिप्तमध्ये एका बंद रांजणात सापडलेल्या, कॉप्टिक भाषेतल्या या तेरा पोथ्या. ख्रिस्ताब्दाच्या पहिल्या काही शतकांतल्या नॉस्टिक पंथांचं बरंचसं लेखन त्यांत आहे. त्यांतला योहानाच्या नावावरचा गुप्तग्रंथ सांगतो की हे जग खऱ्या परमेश्वराने केलेलंच नाही. याल्दाबाओथ नावाच्या एका अर्धवट, गर्विष्ठ निर्मात्याने केलं, आणि वर दुसरा देवच नाही अशी त्याची समजूत. त्याचे सात अधिपती सात आकाशांवर बसलेले, आणि हे सात म्हणजे आपल्या वारांचेच सात ग्रह. जीव सुटून वर जातो तेव्हा एकेका नाक्यावर हे त्याला अडवतात, असं काही नॉस्टिक ग्रंथ सांगतात. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे भिरा आलं. लहानपणी रोह्याची कुंडलिका नदी सकाळी चढायची आणि दुपारी उतरायची, ती चंद्रामुळे नव्हे. वर भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटायचं म्हणून. ते पाणीही मुळशीचं, एरवी पूर्वेकडे गेलं असतं असं. काठावरच्या आम्हाला वाटे, नदीचा स्वभावच तसा.

नॉस्टिकांचं 'पिस्तिस सोफिया' हे पुस्तक तर मी हसत हसत वाचलं. त्यात येशू वर जाताना ग्रहगोलांची फिरायची दिशाच बदलून टाकतो, सहा महिने एकीकडे, सहा महिने दुसरीकडे. कशासाठी? एक कारण असं, की अधिपतींचा जोर मोडावा आणि भविष्य सांगणाऱ्यांची गणितं चुकावीत. गणेश दैवज्ञाने शनीत पाच अंश मिळवले ते गणित बरोबर यावं म्हणून, आणि या पठ्ठ्यांनी चक्र फिरवलं ते चुकावं म्हणून.

यासाठी इजिप्तला जायलाच हवं होतं असंही नाही. चक्रधरांच्या महानुभाव पंथात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार वेगळे पदार्थ मानतात. देवता आहेत, त्यांची मोठी उतरंड आहे, त्या फळही देतात, पण नाशवंत. मोक्ष देण्याची ताकद त्यांच्यात नाही, ती परमेश्वराची. नॉस्टिकांचे अधिपती मात्र कैद करतात. जगाचा एवढा तिटकारा मला पटत नाही, प्लोटिनस या तत्त्वज्ञालाही पटला नव्हता. आकाशाला तुच्छ लेखणाऱ्या या लोकांवर त्याने स्वतंत्र प्रकरणच लिहिलं. ज्याने ऑक्टोबरचा मंगळ रोज पाहिला आहे त्याला तो तुरुंगाधिकारी वाटणं कठीण. चक्रधरांची मांडणी मला जास्त झेपते: असतील देवता, पण त्यांच्या हातात फार काही नाही.

नांदगावच्या बापलेकांविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. ज्या केशवाने वेध घ्या म्हणून सांगितलं, त्यानेच जातक आणि मुहूर्तावरही ग्रंथ लिहिले. शनी कुठे आहे यावर त्यांनी शंका घेतली, शनीला काही अधिकार आहे का यावर नाही. नॉस्टिकांनी नेमकं उलट केलं. अधिकारावर त्यांनी शंका घेतली आणि ग्रह कुठे आहेत ते बघायच्या फंदात पडले नाहीत. मला दोन्ही शंका एकत्र हव्या असतात, म्हणून माझ्या कपाटात 'ग्रहलाघव' आणि नाग हम्मादी एका फळीवर आहेत.

गेल्या वर्षी पुतणीसाठी एक स्थळ आलं. मुलाची आई म्हणाली, "पत्रिका पाहिली. मंगळ आहे हो तुमच्या मुलीला." मी विचारलं, "चित्रापक्षाने की रेवतीपक्षाने?" त्यांनी मुलाच्या वडिलांकडे पाहिलं. वडील म्हणाले, घरी जाऊन कळवतो. अजून कळवलेलं नाही. पुतणी खूश आहे, तिला मुलगा आवडला नव्हता.