ओटीवरून समुद्र

श्रीवर्धन, मंगळवार, २ जून २०२०

दुपारी समुद्रातल्या कमी दाबाच्या पट्ट्याचं चक्रीवादळ झालं. नाव ‘निसर्ग’, बांगलादेशानं दिलेलं. उद्या दुपारी हरिहरेश्वर ते दमणच्या मधे, अलिबागच्या आसपास किनाऱ्याला लागणार म्हणतात. हरिहरेश्वर म्हणजे आमचा शेजारच. किनाऱ्यालगतची माणसं शाळेत हलवताहेत. करोनामुळे तिथंही अंतर ठेवून बसायचं.

पावसाळ्याची बेगमी झालेली आहे, कौलं गेल्या आठवड्यातच परतली. ह्यांनी पंप काढून पडवीत आणला. मी हंडे भरले, कंदिलात रॉकेल घातलं, फोन चार्ज केले. सासूबाई देव्हाऱ्यातले देव माजघरात आणून ठेवताना म्हणाल्या, “फयान गेलं तसं हेही जाईल.” २००९ च्या नोव्हेंबरातलं फयान वादळ त्यांना अजून लख्ख आठवतं.

बुधवार, ३ जून

सकाळी वारा डोंगराकडून होता. दहाला वीज गेली, थोड्या वेळानं फोनची रेंजही. मुंबईच्या लेकाशी बोलणं अर्ध्यावर तुटलं.

बारानंतर वारा फिरला आणि समुद्राकडून आला. ओटीचं दार अडसर लावूनही आत ढकललं जात होतं. ह्यांनी आणि मी पाठ लावली. फळ्यांची थरथर पाठीच्या मणक्यात उतरत होती. कौलं पत्त्यांसारखी उडाली. आत पडणारं पाणी ओठांवर आलं तर खारट.

वाडीतून फटाक्यांची माळ लागल्यासारखा आवाज येत होता. खिडकीच्या फटीतून पाहिलं. पोफळी जमिनीला शेंडा टेकेपर्यंत वाकायच्या, एकदा उठायच्या, दुसऱ्यांदा उठायच्या, तिसऱ्यांदा मधेच काड्कन तुटायच्या. माड मुळासकट जात होते. सासूबाई माजघरात धान्याच्या कणगीला टेकून बसल्या होत्या. आधी त्या रामरक्षा म्हणत होत्या. मग आवाज मोजू लागल्या. चाळीसनंतर त्यांनी मोजणं सोडलं.

चारच्या सुमारास वारा उतरला. आम्ही तिघं धड आहोत. माजघराच्या भिंतींनी राखलं.

गुरुवार, ४ जून

सकाळी दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. ओटीवरून समुद्र दिसत होता. लग्न होऊन आले त्याला एकतीस वर्षं झाली. या घरात समुद्र फक्त ऐकू यायचा. मधे वाडीची गर्द भिंत होती. भर दुपारी दिवा लावावा लागणाऱ्या माजघरात आज लख्ख ऊन पडलं.

पोफळीवर चढवलेले मिरीचे वेल तिच्याबरोबरच गेले. उभ्या राहिलेल्या झाडांची पानं खाऱ्या वाऱ्यानं करपली आहेत. गल्लीत तुटलेल्या खांबांवर तारांचं जाळं. सगळे हातात कोयते घेऊन वाट काढत होते.

शुक्रवार, ५ जून

आज वटपौर्णिमा. पाणंदीतला वड आडवा झाला आहे. मुळं वर, पारंब्या चिखलात. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “उभा असताना पुजला, पडल्यावर सोडायचा कसा?” आडव्या खोडाभोवती फिरता येईना, म्हणून सूत फांदीला गुंडाळलं.

वादळानंतर आज एकजण मुंबईहून आला. रेंज मिळेल तिथून लेकाला आमची खुशाली कळवतो म्हणाला.

शुक्रवार, १२ जून

वीज अजून नाही. पंचनाम्याला माणसं येऊन गेली. आमची वाडी सोळा गुंठ्यांची, पण एकाच जागेत खाली केळ, वर पोफळ, तिच्यावर मिरी, सगळ्यांवर माड. क्षेत्र मोजून हे नुकसान हाती लागत नाही. पोफळ लावल्यापासून धरायला सात-आठ वर्षं जातात. ही झाडं सासऱ्यांनी लावली होती. गेली आहेत ती वर्षं, आणि श्रीवर्धनी रोठा सुपारीला नाव मिळवून देणाऱ्या हातांची मेहनत.

संध्याकाळी विहिरीपाशी झावळ्यांचा ढीग उपसत होते. खाली मार्चमध्ये सासूबाईंनी रुजत घातलेल्या सुपाऱ्यांचा वाफा. कोंब हिरवे, एक बोटभर, सरळ उभे. पडलेल्या झाडांच्या झावळ्यांनीच त्यांना झाकलं होतं. मी आनंदानं उरलेल्या झावळ्या ओढू लागले, तर सासूबाईंनी हात धरला.

“राहू देत गो. आता सावलीला दुसरं काय उरलंय? आधी केळी लावा, मग ह्या काढा.”

त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. उद्या केळीचे मुनवे आणायचे.