रस्त्याकडेची ट्रॉली



उसाचा गळीत हंगाम सुरू झाला, की मला रात्रीचा प्रवास नकोसा होतो. शेतकरी मेळावा आटोपून परतताना महामार्गाच्या कडेला अंधारात उभ्या असलेल्या ट्रॉल्या दिसतात. कुणाचा टायर फुटलेला, कुणाचा पाटा तुटलेला, तर कुणी नुसताच चहाला थांबलेला. मागे दिवा नाही. असलाच तर लोंबणाऱ्या वाढ्यांनी झाकलेला.

आपण म्हणतो, "गाडी साइडपट्टीवर घेतली आहे, आता कसली भीती?" पण हिशेब करून पाहा. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी मोटार एका सेकंदात २२ मीटर अंतर तोडते. डिपरच्या उजेडात पुढचे चाळीस-पन्नास मीटरच नीट दिसतात. चालकाच्या ध्यानात येऊन ब्रेकवर पाय पडेपर्यंतच एक-दीड सेकंद जातो. गाडी थांबायला त्यापुढे आणखी अंतर लागते. म्हणजे ट्रॉली दिसते तेव्हा वेळ निघून गेलेली असते.

म्हणून चहापाण्यासाठी साइडपट्टीवर थांबूच नये. ढाब्याच्या किंवा पेट्रोल पंपाच्या आवारात गाडी पूर्ण आत घ्यावी. बिघाड झालाच, तर वळण, पूल आणि चढाचा माथा टाळून, जमेल तेवढी डांबरापासून दूर लावावी. मागे शंभर पावलांवर चमकणारा लाल त्रिकोण ठेवावा. त्याऐवजी दगड मांडण्याची आपली रीत घातक आहे. दगड अंधारात दिसत नाही, आणि गाडी निघून गेल्यावर तो तिथेच राहतो. पहाटे दूध घालायला निघालेला आपल्याच गावचा मोटारसायकलवाला त्यावर आदळतो.

ट्रॉलीच्या आडोशाला कुणी बसू नये, बायकापोरांना तिथे झोपवू नये. मागून धडक बसली, की भरलेली ट्रॉलीसुद्धा पुढे सरकते. सर्वांनी चारीपलीकडे शेताच्या बाजूला थांबावे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे.

तोडलेला ऊस उशिरा पोहोचला, तर वजनात घट येते, हे मी तुम्हाला नेहमी सांगतो. पण ती घट पुढच्या खेपेला भरून काढता येते. गेलेला माणूस परत येत नाही. तेव्हा पुढची खेप भरण्याआधी ट्रॉलीच्या मागच्या फळीवर लाल रेडियमची पट्टी लावा, दिवा पेटतो का पाहा, आणि त्यावर येणारे वाढे कोयत्याने छाटून टाका.