दुपारचं जहाज

आमच्या झरी जामणीत समुद्र नाही, सागवान मात्र आहे. मी अर्धवेळ शिक्षिका. दुपारचे दोन तास माझे. त्या वेळात मी जहाज बांधते. हो, लाकडाचं!

नमुना 'ट्रिंकोमाली'चा. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली मलबारी सागाची ही युद्धनौका बांधली. इंग्लंडात हार्टलपूलला ती आजही तरंगते आहे. दीडशे फुटांची नौका माझ्या पाटावर दीड फुटाची. सागाच्या पातळ पट्ट्या गरम पाण्यात भिजवायच्या, सांगाड्याच्या फासळ्यांवर हळूच वाकवायच्या. घाई केली की कडकन मोडतात. (माझ्या अकरा मोडल्या, आणि वरण करपलं ते वेगळंच!)

सासूबाई रोज विचारायच्या, "काय करून रायली वं? यानं पोट भरते का?" शेवटी मी सारं माळ्यावर टाकलं. दोन महिने माझी चिडचिड मुलांवर निघाली. मग त्याच म्हणाल्या, "काढ वं तुयं जहाज."

परवा शिडांसाठी कापड शोधत होते. सासूबाईंनी ट्रंकेतून गेलेल्या मामाजींचं धोतर काढलं. "मऊ हाय," एवढंच म्हणाल्या. कात्री मात्र मला लावू दिली नाही, स्वतःच कापलं.