चूल आपली, नदी परकी

इंग्लंड-वेल्सच्या सीमेवरच्या वाय व्हॅलीत चार दिवस. हॉटेल नाही, वेटर नाही, बुफे नाही. आपणच रांधायचं, आपणच वाढायचं... आणि उष्टीखरकटीही आपणच काढायची!

स्मोक अलार्म वाजला तेव्हा आमचा कोल्हापूरकर वरणाला फोडणी देत होता. अलार्म असा काही किंचाळायला लागला की समोरच्या कुरणातल्या मेंढ्यांनीसुद्धा चरायचं थांबवून आमच्याकडे बघितलं. जिजू स्टुलावर चढून टॉवेलने वारा घालतोय, मैत्रीण धडाधड खिडक्या उघडतेय आणि कोल्हापूरकर मात्र एकदम कूल. "मोहरी तडतडली की गप बसतंय बघा ते!" वाय व्हॅलीतल्या आमच्या सुट्टीची सुरुवात ही अशी झाली.

खरं तर माझा प्लॅन वेगळाच होता. कॉलेजची मैत्रीण आणि तिचा नवरा लंडनजवळ रेडिंगला आयटीत आहेत. मे महिन्यात त्यांच्याकडे गेले तेव्हा माझ्याकडे टिपिकल लिस्ट तयार होती. बाथ, स्टोनहेंज, ऑक्सफर्ड... तीन दिवसांत सहा पॉइंट्स! मैत्रिणीने लिस्ट बघितली आणि घडी घालून परत दिली. "पॉइंट-बिइंट काही नाही. कॉटेज घेतलंय. शुक्रवार ते सोमवार. स्वयंपाक आपला आपण." जिजूच्या टीममधला कोल्हापूरकरही येणार होता. मी जाम हिरमुसले. एवढा व्हिसा-तिकिटाचा खर्च करून इथे येऊन भांडी घासायची?

धर्मशाळा आणि कॉटेज

तिकडे याला म्हणतात सेल्फ-केटरिंग हॉलिडे. म्हणजे गावाकडचं एक आख्खं घर काही दिवसांसाठी आपलं. गॅस किंवा इंडक्शन, फ्रीज, भांडीकुंडी, चादरी सगळं असतं. नसतं ते फक्त 'वाढणारं' कुणी. विचार केला तर यात नवीन ते काय? आपले आजी-आजोबा पंढरपूरला नाहीतर नाशिकला धर्मशाळेत उतरायचे, तेव्हा ट्रंकेत स्टो, पिठाचा डबा आणि मसाल्याचं पुडकं असायचंच. हे त्याचंच फायरप्लेसवालं व्हर्जन!

घरमालक आम्हाला शेवटपर्यंत दिसला नाही. दाराशेजारी भिंतीवर नंबरवाली एक डबी, तिच्यात किल्ली. ओट्यावर दूध, ब्रेड, बटर आणि छोटे गोल वेल्श केक. शेजारी एक जाडजूड फाइल. कचऱ्याचे डबे कुठले, शेकोटी कशी पेटवायची, मेंढ्यांचं फाटक बंद का ठेवायचं... सगळं लिहिलेलं. एका ओळीखाली तर लाल रेघ मारलेली. सिंकमध्ये तेल ओतू नका, या घराचं सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जातं. "किती या सूचना! हॉस्टेल आहे का हे?" असं मी म्हटलेलं मला आठवतंय. ही ओळ नंतर आपला पिच्छा पुरवणार आहे, हे तेव्हा कुठे माहीत होतं!

अठराव्या शतकातली सेल्फी

वाय नदी मध्य वेल्सच्या डोंगरात उगम पावते आणि साधारण २५० किलोमीटर वाहत येऊन चेपस्टोजवळ सेव्हर्नला मिळते. शेवटच्या टप्प्यात बराच वेळ ती चक्क बॉर्डर आहे. एका काठावर इंग्लंड, दुसऱ्या काठावर वेल्स, आणि दोन्हीकडे गच्च झाडी.

'निसर्ग बघायला फिरायला जाणं' ही फॅशन ब्रिटनमध्ये रुजली, त्यात या नदीचा मोठा हात आहे. विल्यम गिल्पिन नावाचा एक पाद्री १७७० मध्ये इथे बोटीने फिरला आणि १७८२ मध्ये त्याने त्या प्रवासावर पुस्तक काढलं. झालं! रॉसपासून चेपस्टोपर्यंत दोन दिवसांची 'वाय टूर' एकदम हिट. टिंटर्न ॲबी हा त्यातला मस्ट-सी पॉइंट. ११३१ मध्ये स्थापन झालेला हा मठ आठव्या हेन्रीच्या काळात, १५३६ मध्ये बंद झाला. छताचं शिसंही काढून नेलं. आज वर मोकळं आभाळ आणि खाली हिरवळ. त्या उंच कमानींमधून ढग जाताना बघणं... सॉलिड!

पण गिल्पिनसाहेबांना ॲबीच्या भिंतींची टोकं जरा जास्तच सरळ वाटली. हातोडीने थोडी फोडली तर चित्र छान दिसेल, असं त्याने खुशाल लिहून ठेवलंय. त्या काळचे टुरिस्ट काळपट रंगाचा एक छोटा फुगीर आरसा घेऊन फिरायचे. देखाव्याकडे पाठ करायची आणि आरशात तो चित्रासारखा दिसला की खूश व्हायचं. म्हणजे फिल्टर, क्रॉप आणि सेल्फी... सगळं तेव्हाच होतं की!

गंमत म्हणजे हे खोरं तेव्हाही 'अनटच्ड' नव्हतं. टिंटर्नला १५६६ पासून तारेचा कारखाना होता, आसपास लोखंडाच्या भट्ट्या धगधगत होत्या. काठावरच्या झाडीतून कोळशाचा धूर निघायचा. आरशात तो धूरही छान दिसत असणार.

उलटी वाहणारी नदी

लिस्ट नसली की काय होतं, ते मला शनिवारी सकाळी कळलं. चहाचा कप घेऊन काठावर गेले, तर आदल्या संध्याकाळी भरलेली नदी गायब! दोन्ही बाजूंना चकाकणारा चिखल आणि मध्ये पाण्याची एक पट्टी. सेव्हर्नच्या मुखाशी येणारी भरती जगातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी एक आहे, पाणी तब्बल १४ मीटरपर्यंत चढतं. ती थेट टिंटर्नच्याही वर बिग्झवेअरच्या पुलापर्यंत पोचते. दुपारी पाहिलं तर नदी उलट्या दिशेने चाललेली. 'साइट-सीइंग'च्या नादात बसमधून गेले असते तर हे दिसलंच नसतं. एकाच नदीकडे दिवसातून तीनदा बघायला त्याच काठावर राहावं लागतं.

मग ब्रॉकवेअरचा पूल ओलांडून पलीकडच्या इंग्लंडमधली चढण चढलो. ऑफाज डाइक या आठव्या शतकातल्या मातीच्या बांधाच्या कडेने पायवाट जाते. वर 'डेव्हिल्स पल्पिट' नावाचा खडक आहे. सैतान इथे उभा राहून खालच्या साधूंना भुलवायचा, अशी दंतकथा. तिथून ॲबी काडेपेटीएवढी दिसते. डबा उघडला. पोळी, बटाट्याची भाजी, मिरचीचं लोणचं. पुढची पंधरा मिनिटं कुणी बोललंच नाही.

'नदी बघितलीत का?'

उतरताना गावच्या दुकानात कांदे घ्यायला शिरलो. हे दुकान गावकऱ्यांनी मिळून काढलंय आणि काउंटरवरची बरीच माणसं विनापगार काम करतात. तिथल्या आजीबाईंनी विचारलं, एवढे कांदे? काय बेत? कोल्हापूरकराने छाती फुगवून सांगितलं, चिकन रस्सा! रेडिंगच्या सुपरमार्केटमधून आणलेल्या दोन कोंबड्या सकाळपासून मसाल्यात मुरत पडल्या होत्या.

आजी हसल्या. म्हणाल्या, मस्त. पण वरच्या बाजूची नदी बघितलीत का? उद्या बघून या.

त्यांनी सांगितलं आणि रात्री आम्ही वाचलं ते असं. वायच्या खोऱ्यात सुमारे २ कोटी कोंबड्या पाळल्या जातात. ब्रिटनच्या सुपरमार्केटमधलं स्वस्त चिकन येतं, त्यातला मोठा वाटा इथला. कोंबडीखत शेतात पडतं, त्यातला फॉस्फरस पावसाबरोबर नदीत उतरतो. त्यात गावोगावच्या सांडपाण्याची भर. पाणी तापलं की शेवाळं माजतं आणि ऊन तळापर्यंत पोचत नाही. दर उन्हाळ्यात पांढऱ्या फुलांनी नदी झाकून टाकणारी पाणवनस्पती नदीच्या मोठ्या भागातून नाहीशी झाली. तिच्या आडोशाने वाढणारे मासे, किडे यांचंही घर गेलं. २०२३ मध्ये नॅचरल इंग्लंड या सरकारी संस्थेने वायची तब्येत 'सुधारतेय' वरून 'बिघडतेय' अशी खाली आणली. ज्या नदीने देशाला निसर्ग बघायला शिकवलं, तिची ही गत.

रस्सा झाला होता. वास घरभर. कोल्हापूरकर कालथा हातात धरून उभा. "आता काय करायचं?" जिजू म्हणाला, "काय करणार? फेकला तर नदी धुऊन निघणारे का?" बरोबर होतं. जेवलो. रस्सा उत्तम होता, हे कबूल करायलाच हवं. पण दुसऱ्यांदा वाढून घेताना कुणी 'वा!' म्हटलं नाही.

रविवारी सिमंड्स याटला गेलो. वरच्या खडकावरून नदीचा लांबलचक वळसा दिसतो, कड्यांवर बहिरी ससाण्यांची घरटी आहेत. खाली दोरीने ओढायची होडी आहे. नावाडी डोक्यावरचा दोर हाताने ओढत आपल्याला पलीकडे नेतो. वरून सगळं पोस्टकार्ड. आरशात बघावं असं. होडीतून वाकून पाहिलं तर काठच्या दगडांवर तपकिरी-हिरवट बुळबुळीत थर. आता नदीकाठची शेकडो माणसं सुट्टीच्या दिवशी टेस्ट किट घेऊन पाणी तपासतात. आजी त्यातल्याच असाव्यात, अशी मला दाट शंका आहे.

मला आठवली ती संगम पुलावरची मुठा. उन्हाळ्यात जलपर्णीने हिरवीगार झालेली. आपल्याकडे सांडपाणी जास्त, तिकडे कोंबडीखत. पण पाण्याला खायला मिळतं ते तेच. त्या पुलावरून मी वर्षानुवर्षं नाकाला रुमाल लावून गेलेय आणि 'महापालिका काय करते?' एवढाच प्रश्न विचारलाय. माझ्या कढईतलं तेल कुठे जातं, हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

हॉटेलात तो येणारही नाही. तिथे ताट येतं आणि ताट जातं. सेल्फ-केटरिंगमध्ये पिशवी तुम्ही आणता, कोंबडी तुम्ही चिरता, तवंग तुम्हीच धुता. सुट्टीची खरी किंमत आपल्याच ओट्यावर मांडलेली दिसते. सोमवारी निघताना कोल्हापूरकराने उरलेलं तेल जॅमच्या बाटलीत भरलं आणि ती बाटली रेडिंगपर्यंत मांडीवर घेऊन बसला.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी पुण्यात भजी तळली. कढई उचलली, सिंकपाशी नेली... आणि थांबले. आता ओट्याखाली माझीही एक बाटली आहे.

जायचंय?

कधी : मे-जून किंवा झाडांचे रंग बदलतात तो ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे शाळांना सुट्टी असते, त्यामुळे कॉटेज महाग आणि बुकिंग बहुतेकदा आख्ख्या आठवड्याचं.

कसं : लंडनहून ट्रेनने न्यूपोर्ट, तिथे बदलून चेपस्टो. चेपस्टोहून टिंटर्नमार्गे मॉन्मथला बस आहे. गाडीने गेलात तर सेव्हर्नच्या पुलांवर डिसेंबर २०१८ पासून टोल नाही. फिरायला गेलेल्याला भारतीय लायसन्सवर १२ महिन्यांपर्यंत कार चालवता येते, आणि गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून!

बरोबर काय : मसाले, कढीपत्ता, इंडक्शनवर चालणारा छोटा कुकर. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत, तेव्हा पेढे घरीच ठेवा.

आणि हो : फोडणीआधी खिडकी उघडा. तेलासाठी रिकामी बाटली ठेवा.