सात टेकड्यांपलीकडची टेकडी

रोम म्हटले की सात टेकड्यांचे नगर डोळ्यांपुढे उभे राहते. प्रवासी कोलोसियम पाहतो, फोरममधील भग्न स्तंभांतून हिंडतो आणि रोम पाहिल्याचे समाधान घेऊन परततो. परंतु रोममधील सामान्यजनांच्या हक्कांची कथा जिथे सुरू होते, ती टेकडी या सातांत नाही. ती शहराच्या ईशान्येस, आनिएने नदीच्या पलीकडे आहे. तिचे नाव मोन्ते साक्रो, म्हणजे पवित्र पर्वत. नदीवरचा जुना नोमेंतानो पूल ओलांडला की समोर एक ठेंगणा उंचवटा दिसतो आणि त्याच्या भोवती आधुनिक वस्तीची दाटी. याला पर्वत का म्हणावे, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर इतिहासात आहे.

परंपरेनुसार इ. स. पूर्व ५०९ मध्ये रोमने राजाला हाकलून प्रजासत्ताक स्थापिले. राजा गेला, पण सत्ता आली ती पॅट्रिशियन म्हणविणाऱ्या मोजक्या कुलीन घराण्यांच्या हाती. कॉन्सल हे सर्वोच्च अधिकारपद त्यांचे, पौरोहित्य त्यांचे आणि न्यायनिवाडाही त्यांचाच. उरलेले सारे ते प्लेबियन, म्हणजे सामान्यजन. युद्ध आले की त्यांनी लढावे आणि परत येऊन पाहावे तो शेत उजाड व डोक्यावर कर्ज. कर्ज न फिटल्यास सावकाराकडे बंधनात राबावे लागे. इतिहासकार लिव्ही एका वृद्ध सैनिकाची हकीकत सांगतो. तो फाटक्या वस्त्रांनिशी फोरममध्ये आला. त्याच्या छातीवर युद्धातील जखमांचे व्रण होते आणि पाठीवर सावकाराच्या चाबकाचे वळ होते.

इ. स. पूर्व ४९४ मध्ये या लोकांनी एक विलक्षण गोष्ट केली. त्यांनी नगर जाळले नाही, कोणाचे घर लुटले नाही; ते सरळ रोम सोडून निघाले आणि या टेकडीवर येऊन स्वस्थ बसले. ज्यांच्या खांद्यावर नगराचे संरक्षण होते, तेच उठून गेल्यावर रोममध्ये घबराट पसरली. सिनेटने मेनेनियस अग्रिप्पा या वक्त्यास त्यांच्याकडे पाठविले. त्याने त्यांना एक कथा सांगितली. हात, तोंड, दात हे अवयव आळशी पोटावर रुसले, त्यांनी त्यास अन्न देण्याचे नाकारले आणि शेवटी सारे शरीरच क्षीण झाले. ही कथा जगभर गाजली. परंतु सामान्यजन केवळ कथा ऐकून परतले नाहीत, हे आपण ध्यानात घेतले पाहिजे. परतताना त्यांनी ट्रिब्यून हे स्वतःच्या प्रतिनिधींचे पद मिळविले. ट्रिब्यूनच्या अंगाला हात लावणे हे महापाप ठरले. अन्यायाविरुद्ध हाक मारणाऱ्यासाठी त्याच्या घराचे दार रात्रंदिवस उघडे राहावे, असा दंडक झाला. पुढे ‘मी मनाई करतो’ एवढे म्हणून तो अधिकाऱ्यांची आज्ञाही थांबवू लागला.

यानंतरची वाटचाल मंद, पण अखंड होती. इ. स. पूर्व ४५१-४५० मध्ये कायदे बारा पाट्यांवर लिहून सर्वांसमोर मांडण्यात आले. ४४५ मध्ये दोन्ही वर्गांतील विवाहांस मान्यता मिळाली. ३६७ च्या कायद्याने कॉन्सलपद सामान्यजनांस खुले झाले. अखेर २८७ मध्ये त्यांच्या सभेचे ठराव सर्व रोमन नागरिकांवर बंधनकारक ठरले. दोनशे वर्षांचा हा झगडा बव्हंशी नगर सोडून जाणे, अडून बसणे आणि तडजोड करणे, याच मार्गांनी चालला.

आता आपण टायबर नदीकाठच्या अ‍ॅव्हेंटाइन टेकडीवर जाऊ. येथील संत्र्यांच्या बागेतून नदीचे पात्र आणि दूरवर सेंट पीटरचा घुमट दिसतो. ही सामान्यजनांची आवडती टेकडी. पण हिच्यावर कथा रक्ताळते. परप्रांतांतील विजयांनी श्रीमंतांकडे अफाट जमिनी गोळा झाल्या होत्या. इ. स. पूर्व १३३ मध्ये टायबेरियस ग्रॅकस या ट्रिब्यूनने सरकारी जमिनीच्या ताब्यावर ५०० युगेरांची, म्हणजे सुमारे ३०० एकरांची, मर्यादा घालून उरलेली जमीन भूमिहीनांस वाटण्याचा कायदा आणला. त्याचाच सहकारी ऑक्टेव्हियस याने मनाईहुकूम बजावला, तेव्हा टायबेरियसने सभेच्या मताने त्यास पदच्युत केले. विरोधकांनी तर मर्यादाच सोडली. सिनेटच्या काही सभासदांनी कॅपिटोलाइन टेकडीवर टायबेरियसला ठार मारले. ट्रिब्यूनचे अंग पवित्र, हा करार त्या दिवशी मोडला. १२१ मध्ये त्याचा धाकटा भाऊ गायस याच्या अनुयायांवर याच अ‍ॅव्हेंटाइनवर सैन्य चालून आले. या दमनात सुमारे ३००० माणसे मेली, असे प्लूटार्क लिहितो.

फोरमच्या पश्चिम टोकास, कॅपिटोलाइनच्या पायथ्याशी, एक उद्ध्वस्त चौथरा आहे. तेथे ऐक्यदेवता कॉन्कॉर्डिया हिचे मंदिर होते. गायसविरुद्ध सैन्य नेणाऱ्या ओपिमियस या कॉन्सलनेच ते उभारले. रात्री कोणीतरी त्यावर लिहून ठेवले, की वेड्या दुहीनेच हे ऐक्याचे मंदिर बांधले आहे. पुढे नव्याने बांधून इ. स. १० मध्ये अर्पण केलेल्या मंदिराचे अवशेष आज दिसतात.

पण तोपर्यंत प्रजासत्ताकच उरले नव्हते. इ. स. पूर्व २३ मध्ये ऑगस्टसने ट्रिब्यूनचे अधिकार स्वतःकडे घेतले होते. दुर्बळांच्या रक्षणासाठी मिळविलेले शस्त्र सम्राटाच्या हाती गेले होते.

तरी मोन्ते साक्रोची आठवण पुसली नाही. १८०५ मध्ये सिमोन बोलिव्हार या तरुणाने याच टेकडीवर आपली मातृभूमी स्पॅनिश सत्तेपासून मुक्त करण्याची शपथ घेतली. विजयाच्या कमानी रोममध्ये पुष्कळ आहेत. पवित्र पर्वतावर तशी एकही कमान दिसत नाही. तेथे लोक केवळ स्वस्थ बसले होते. त्यांनी जे मिळविले, ते उभयपक्षी वचन पाळले जाईपर्यंतच टिकले. रोमला जाणाऱ्याने सात टेकड्या पाहून झाल्यावर या आठवीसाठी अर्धा दिवस अवश्य राखून ठेवावा.